बेळगावात नवीन आलाय? दाताचं आधीच बघून ठेवा

साताऱ्याहून उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नोकरीला आलो त्याला वीस वर्षं होऊन गेली. नवीन येणारे मला खोलीचं भाडं विचारतात, शाळा विचारतात, गॅसचं विचारतात. दाताचं कुणी विचारत नाही. विचारतात ते रात्री अकराला, गाल धरून.

माझी अद्दल करदंटानं घडवली. पहिल्याच दिवाळीला शेजाऱ्यांनी गोकाकचं करदंट आणून दिलं. डिंक, गूळ, सुकामेवा; थंडीत वडी अशी कडक, की उजव्या बाजूनं चावल्यावर कट्‌ आवाज झाला तेव्हा मला वाटलं बदाम फुटला. जिभेवर आला तो दाढेचा तुकडा. आरोग्य विमा होता, म्हणून मी निर्धास्त. रूट कॅनल केलं, वर कॅप बसवली, बिलं जोडून विमा कंपनीला पाठवली. उत्तर एका ओळीचं आलं: ओपीडी उपचार (म्हणजे दाखल न होता घेतलेले), देय नाही. फोन करून म्हटलं, अहो, अपघातच की हा, करदंटाचा. पलीकडच्या बाईंना हसू आलं नाही.

चूक माझीच. आपल्याकडच्या नेहमीच्या आरोग्य विम्यात दातांचा खर्च बहुधा तेव्हाच मिळतो, जेव्हा अपघातात मार लागून तुम्ही इस्पितळात दाखल होता. कीड, फिलिंग, रूट कॅनल, कवळी, काही नाही. ओपीडीची जोड घेता येते आणि काहींत दातही असतात, पण सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: वर्षाला कमाल किती देणार, किती महिने थांबायचं आणि दातांचं नेमकं काय वगळलंय. जादा हप्ता आणि मिळणारी मर्यादा शेजारी शेजारी लिहून बघा. मी लिहिलं आणि नाद सोडला.

ज्यांचा पगार महिना 21,000 पर्यंत आहे त्यांनी मात्र पगाराची स्लिप काढून बघावी. ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, 0.75 टक्के कापले जात असतील तर दातांचे उपचार त्यात येतात, तुमचे आणि घरच्यांचेही. उद्यमबागेतली कितीतरी पोरं दर महिन्याला पैसे भरतात आणि दाढ दुखली की खासगीत जातात. अशोकनगरला ईएसआयचं इस्पितळ आहे, कार्ड करून घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव असल्यानं निवृत्त फौजीही इथं खूप. त्यांना ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, सांगायला नको.

बाकीच्यांचा खरा विमा म्हणजे इथली दोन डेंटल कॉलेजं. नेहरूनगरला केएलईचं आणि बॉक्साइट रोडला मराठा मंडळाचं. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी. बदल्यात वेळ द्यायचा. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. आधी तपासणी, मग एक्स-रे, मग ज्याचं काम त्या विभागात. शिकणारी मुलं काम करतात, पण प्रत्येक टप्प्याला सर येऊन बघतात, त्यामुळं साध्या फिलिंगलाही तास-दीड तास तोंड उघडून बसावं लागतं. रूट कॅनल असेल तर पीजीच्या (पदवीनंतर पुढं शिकणाऱ्या) विद्यार्थ्याकडं मागून घ्या. तीन-चार खेपा धराच.

पोरं सगळ्या मुलखांतली असतात. मराठी येईलच असं नाही, आणि डावं-उजवं चुकलं तर महागात पडतं. माझ्या मेहुण्याची बरी दाढ ठोकून बघून झाली, किडकी तशीच, कारण तो ‘इकडची, इकडची’ म्हणत होता. बोट ठेवून दाखवा. कन्नड बोलणारा असेल तर एवढं पुरतं: हल्लु ब्यानी म्हणजे दात दुखतोय, एड डावा, बल उजवा, म्याल वर, केळग खाली.

खेपांचा बसखर्च बायकांना पडत नाही. शक्ती योजनेत जून 2023 पासून त्यांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, फक्त ओळखपत्रावर पत्ता कर्नाटकचा हवा. म्हणून आल्या आल्या आधारवरचा पत्ता बदला. रेशनकार्डाचंही तेच. घरात दात पडलेले वयस्कर असतील आणि बीपीएल कार्ड इथलं असेल तर कॉलेजात दंतभाग्य योजनेचं विचारा, कवळी मोफत मिळते. आयुष्मान कार्ड दाताच्या साध्या कामांसाठी धरू नका. ते मोठ्या आजारांचं, दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचं.

खासगीत जायचंच झालं, रजा नसते म्हणून जावंही लागतं, तर टिळकवाडी, शहापूरकडं दवाखाने भरपूर. रूट कॅनलचा आकडा विचारू नका, ‘कॅप धरून किती’ असं विचारा, आणि कॅप कशाची तेही. आणि गाल सुजून तोंड उघडेना, ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट बघू नका. तडक बिम्सच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय कॉलेजच्या इस्पितळात, इमर्जन्सीला.

एक राहिलं. कॉलेजातला तुमचा डॉक्टर वर्षा-दोन वर्षांत पास होऊन जातो. एक्स-रे आणि केस पेपर दोन्ही घरी फाईलला लावून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. नाहीतर पुढच्याला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं, तेही तोंडात कापूस असताना.