वॉच डॉग्ज २: भिंतींवर पसरलेले कोडे कसे सुटले

२०१६ साली आलेल्या ‘वॉच डॉग्ज २’ या व्हिडिओ गेममध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराची यंत्रणा सीटीओएस २.० या प्रणालीवर चालते आणि मार्कस हॉलोवे हा तरुण डेडसेक या हॅकरांच्या गटासोबत तिच्याविरुद्ध उभा राहतो. पहारा असलेल्या एका आवारात माझे घोडे अडले होते. आत शिरण्याआधी जोडण्यांचे कोडे सोडवणे, म्हणजे जोडण्या फिरवून निळा प्रवाह कुलपापर्यंत पोहोचवणे, भाग होते. परंतु त्याच्या रेषा भिंतींवरून थेट छतापर्यंत गेलेल्या असल्याने जमिनीवरून अर्धे कोडे दिसतच नसे आणि ते शोधत फिरताना पहारेकऱ्यांची नजर पडे.

अखेर मार्कसला कुंपणाबाहेर आडोशाला उभे केले, ड्रोन वर नेला आणि हवेतूनच एकेक जोडणी फिरवली. निळा प्रवाह उगमापासून पुढे रेटण्यापेक्षा शेवटच्या कुलपापासून मागे वाचत आल्यास कोणते वळण अनिवार्य आहे हे चटकन कळते, आणि माझ्या मते या कोड्यांची खरी किल्ली तीच आहे.

ड्रोनला प्रत्यक्ष यंत्राजवळ जाऊन करायचे काम जमत नाही. त्यासाठी जंपर ही दोन चाकांची छोटी गाडी हवेच्या झरोक्यातून आत सोडली, दाराजवळच्या पहारेकऱ्याचे लक्ष त्याच्याच फोनमध्ये गुंतवले आणि तेवढ्या अवधीत माहिती उतरवून घेतली. मार्कसला आवारात पाऊलही ठेवावे लागले नाही. रक्तपाताविना मोहीम पार पाडण्याची अशी मुभा हा खेळ देतो, म्हणूनच तो मला मनापासून आवडतो.