दया दाखवताना या चुका टाळा

मे महिना, वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोराचं तीन महिन्यांचं भाडं थकलेलं. शनिवारी संध्याकाळी मी त्याला स्पष्टच सांगितलं, "पंधरा दिवसांत खोली खाली कर." तो एवढंच बोलला, "देतो ना जी काका, थोडं थांबा ना." दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सदरमधल्या आमच्या चर्चमध्ये नेमका बायबलमधला मत्तय 18 निघाला, निर्दय चाकराचा दाखला. राजा या चाकराचं प्रचंड कर्ज माफ करतो, आणि हा मात्र शंभर दिनारांसाठी सोबतच्या चाकराला तुरुंगात टाकतो. कुलरसमोर बसूनही मला घाम फुटला.

मन द्रवेल तेव्हा बघू म्हणणं

सगळ्यात जास्त हीच चूक होते. चांगला शोमरोनी म्हणजे लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला मदत करणारा परका. त्याची गोष्ट सांगून येशूने एका यहुदी शास्त्र्याला म्हटलं, "जा आणि तूही तसंच कर." ही आज्ञा आहे, मूड असो नसो, पाळायची. शोमरोन्याला कळवळा आला हे खरं, पण त्या जखमी माणसाच्या कामी आलं ते तेल, द्राक्षारस, गाढव आणि उतारशाळेवाल्याला दिलेले दोन दिनार. माझं मन तर त्या रविवारीही द्रवलं नव्हतं. भाडं मला हवंच होतं.

समोरच्याचं देणं किरकोळ समजणं

उपदेशात शंभर दिनार म्हणजे चिल्लर असं सांगतात. तसं नाही. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. आजचा रोज 500 रुपये धरला तर ते 50,000 होतात. कोणालाही टोचेल अशीच रक्कम. पण चाकराला स्वतःला जे माफ झालं ते 10,000 तालांत, आणि एक तालांत साधारण 6,000 दिनारांचा. त्याच हिशेबाने 3,000 कोटी! आपलं नुकसान खोटं आहे असं येशू म्हणत नाही. तो दुसरा आकडा, म्हणजे आपल्याला जे माफ झालं ते, शेजारी ठेवतो, बस.

पंडिता रमाबाई तो दुसरा आकडा विसरल्या नाहीत, असं मला वाटतं. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. 1896-97 मध्ये आपल्या इकडे, तेव्हाच्या मध्य प्रांतात, दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः इकडे आल्या आणि उपाशी मुलींना सोबत घेऊन गेल्या. लांबून मनिऑर्डर पाठवूनही भागलं असतं.

दयेच्या नावाखाली अन्याय झाकणं

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "माफ कर, प्रार्थना कर" म्हणून परत घरी धाडणं ही दया नव्हे. आधी तिला सुरक्षित जागी न्या, पोलिसांत जा. याबाबतीत आमच्या चर्चच्या मंडळ्या फार कच्च्या आहेत.

गाजावाजा

ही चूक माझी. दोन महिन्यांचं भाडं सोडलं, तिसऱ्याचे हप्ते बांधून दिले. इथवर ठीक होतं. पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहा घेताना चौघांना सांगून बसलो. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे वचन मला लहानपणापासून पाठ. त्या चौघांपैकी कोणीतरी पोराला विचारलं, "काका बरे भेटले ना?"

त्या रात्रीपासून तो चपला हातात घेऊन जिना चढू लागला, मला चाहूल लागू नये म्हणून. आठवडाभराने मीच वर गेलो, दार वाजवलं आणि माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या ना काका." चपला मात्र अजून हातातच असतात.