कमी बजेटचा गेमिंग पीसी: कोणता भाग कोणासाठी थांबतो?

गेमिंग पीसी जुळवताना बहुतेकांची सुरुवात प्रोसेसरपासून होते आणि कमी बजेटमध्ये नेमकी हीच सुरुवात महागात पडते. आधी दमदार प्रोसेसर ठरवायचा, त्याला शोभेल असा मदरबोर्ड घ्यायचा आणि शेवटी उरलेल्या पैशांत बसेल ते ग्राफिक्स कार्ड लावायचे, असा क्रम नकळत पडत जातो. अशा संगणकावर खेळ सुरू केला की प्रोसेसर बराचसा वेळ रिकामा बसतो आणि ग्राफिक्स कार्ड मात्र धापा टाकत राहते. खरेदीचा क्रम याच्या उलट असावा. आधी मॉनिटर आणि खेळ ठरवावेत, मग त्या मॉनिटरला पुरे पडेल असे ग्राफिक्स कार्ड, मग त्या कार्डाला काम पुरवत राहील इतकाच प्रोसेसर, आणि त्यानंतर या दोघांचा भार निभावतील असे बाकीचे भाग निवडावेत.

या क्रमामागचे कारण समजण्यासाठी एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक स्थिर चित्र, कशी तयार होते ते पाहावे लागते. पात्रांच्या हालचाली, वस्तूंची टक्कर, शत्रूंच्या चाली यांचा हिशेब प्रोसेसर करतो आणि दृश्यात काय काय काढायचे याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवतो. कार्ड त्या यादीवरून प्रत्येक पिक्सेलचा (चित्रातील ठिपक्याचा) रंग ठरवते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ फ्रेम हव्या असतील तर केवळ ६.९ मिलिसेकंद. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो, त्यामुळे दोघांपैकी जो हळू असेल त्याचाच वेग संपूर्ण संगणकाचा वेग ठरतो. रिझोल्यूशन, म्हणजे पिक्सेलची संख्या, वाढवले की भार कार्डावर वाढतो, कारण १९२० × १०८० मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० मध्ये ३६.९ लाख आणि ३८४० × २१६० मध्ये ८२.९ लाख. प्रोसेसरने करायची यादी मात्र जवळपास तेवढीच राहते. उलट फ्रेमची संख्या वाढवायची असेल तर ती यादी सेकंदाला अधिक वेळा करावी लागते आणि तो भार प्रोसेसरवरही येतो.

म्हणून ‘हा प्रोसेसर या कार्डाला कमी पडेल का’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटसारखे खेळ कमी ग्राफिक्सवर आणि भरपूर फ्रेमवर खेळले जातात, तेव्हा सीमा बहुधा प्रोसेसर आखतो. दृश्यांनी नटलेला एखादा मोठा खेळ उच्च सेटिंगवर लावला की त्याच संगणकात सीमा कार्ड आखू लागते. दोन भागांची नावे टाकली की अमुक टक्के बॉटलनेक (एका भागामुळे दुसरा अडून राहणे) असल्याचे सांगणारी गणकयंत्रे इंटरनेटवर भरपूर आहेत. खेळ आणि रिझोल्यूशन यांच्याशिवाय तो आकडा निरर्थक असतो, आणि त्याच्या धास्तीने कित्येकांनी गरज नसलेले प्रोसेसर घेतले असतील.

मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस बाजूला ठेवून उरलेल्या रकमेपैकी साधारण ३५ ते ४५ टक्के ग्राफिक्स कार्डावर आणि १५ ते २० टक्के प्रोसेसरवर खर्च व्हावेत, हा माझा ठोकताळा आहे. तो काटेकोर नियम नव्हे. केवळ स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याने कार्डाकडचा थोडा हिस्सा प्रोसेसरकडे वळवावा. मात्र बेरीज करून झाल्यावर प्रोसेसर कार्डापेक्षा महाग निघाला, तर यादी पुन्हा एकदा तपासून पाहावी.

ग्राफिक्स कार्डाच्या निवडीत सर्वांत मोठी फसगत नावांमुळे होते. एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डे विकली जातात. जीफोर्स जीटी १०३० हे कार्ड जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन प्रकारच्या मेमरीसह आले, आणि दुसऱ्याची बँडविड्थ (सेकंदाला माहिती वाहून नेण्याची क्षमता) पहिल्याच्या सुमारे एक तृतीयांशच होती. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबीची आवृत्ती १९२ बिटच्या मेमरी बसवर (मेमरीपर्यंतच्या माहितीच्या वाटेवर) चालते आणि ८ जीबीची १२८ बिटच्या, त्यामुळे दुसरी केवळ मेमरीत कमी नसून वेगातही कमी आहे. आरटीएक्स ३०५० च्या ८ आणि ६ जीबीच्या आवृत्त्यांतही असाच फरक आहे. खोक्यावरचे मोठे नाव वाचून न थांबता मेमरीचा आकार, तिचा प्रकार आणि बसची रुंदी या तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मेमरी किती असावी, तर १०८० पी (१९२० × १०८०) वर नवे मोठे खेळ खेळायचे असल्यास ८ जीबी ही किमान अपेक्षा धरावी. ४ जीबीच्या कार्डावर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) मावले नाहीत की ते मुख्य रॅममधून पुन्हा पुन्हा ओढून आणावे लागतात आणि सरासरी फ्रेम बऱ्या दिसत असूनही खेळ मध्येच अडखळतो.

कार्ड मदरबोर्डाशी किती लेनने, म्हणजे माहितीच्या किती वाटांनी, जोडले जाते हा मुद्दा बहुतेक जण दुर्लक्षित करतात, पण कमी बजेटमध्येच तो सर्वांत जास्त बोचतो. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे कार्ड पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या ४.० आवृत्तीच्या केवळ चार लेन वापरते. ते ३.० आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर लावले की त्याची वाट निम्मी अरुंद होते, आणि मेमरी अपुरी असल्यामुळे त्याच अरुंद वाटेने सतत ये-जा करावी लागून वेग आणखी घसरतो. आणि असे कार्ड घेणारा ग्राहक बहुधा जुन्या संगणकात टाकण्यासाठी स्वस्त कार्ड शोधणाराच असतो. रेडिऑन आरएक्स ६६०० आठ लेन वापरते आणि त्यात ८ जीबी मेमरी आहे, म्हणून ३.० च्या बोर्डावर त्याचे नुकसान बहुतेक खेळांत फार जाणवत नाही. वापरलेले कार्ड घ्यायचे असेल तर किमान अर्धा तास जड खेळावर चालवून पाहावे, तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासावा, आणि पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन उमटत नाहीत ना हे पाहावे. चालवून दाखवण्यास विक्रेता तयार नसेल तर तो व्यवहार सोडून द्यावा.

प्रोसेसरसाठी सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) ही आजची समंजस पातळी आहे. एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ हे याच पातळीचे आहेत. चार कोअर आणि आठ थ्रेडचा कोअर आय३-१२१००एफ साध्या कार्डासोबत निभावून नेतो, पण पार्श्वभूमीला ब्राउझर आणि व्हॉइस चॅट चालू असताना त्याची ओढाताण दिसू लागते. कोअरची संख्या सारखी असली तरी कॅशचा (प्रोसेसरमधील वेगवान मेमरीचा) फरक पडतो. रायझन ५ ५५०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे, तर ५६०० मध्ये ३२ एमबी, आणि खेळांना कॅश फार मानवते. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेस ३.० वरच थांबतो, म्हणजे वर सांगितलेल्या अरुंद वाटेचा प्रश्न नव्या मदरबोर्डावरही उभा राहतो. नावाच्या शेवटची अक्षरेही वाचावीत. इंटेलच्या नावात एफ असेल तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते; ते किंचित स्वस्त पडते, पण उद्या कार्ड बिघडले तर पडद्यावर काहीच येणार नाही, हे लक्षात घेऊन तो निर्णय घ्यावा. आजच्या घडीला कार्डासाठी पैसेच नसतील तर रायझनच्या जी मालिकेतील प्रोसेसर घेऊन साधे खेळ त्याच्याच ग्राफिक्सवर खेळता येतात आणि कार्ड पुढे जोडता येते.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांची किंमत सुटी सुटी न पाहता तिघांची मिळून पाहावी, कारण एकाची निवड उरलेल्या दोघांना बांधून टाकते. एएमडीचा एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) डीडीआर४ रॅमवर चालतो. २०२२ मध्ये आलेला एएम५ केवळ डीडीआर५ स्वीकारतो. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार बसतो आणि दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे चुकीची रॅम लागतच नाही. जुन्या सॉकेटवर वाचलेली रक्कम चांगल्या कार्डासाठी वापरता येते, तर नव्या सॉकेटवर दोन-तीन वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून काम भागण्याची शक्यता राहते. जो माणूस संगणक जुळवून पाच वर्षे त्याला हात लावणार नाही, त्याने भविष्यातील अपग्रेडसाठी आज पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही.

मदरबोर्डावर दिवे, धातूची आवरणे आणि ओव्हरक्लॉकिंगच्या (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या) सोयी यांसाठी जास्त पैसे देऊ नयेत. चार गोष्टी असल्या की पुरे: व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता खेचणारा धातूचा भाग), एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या एसएसडीसाठी एम.२ ही खाच, शक्यतो रॅमच्या चार खाचा, आणि घेतलेला प्रोसेसर ओळखणारी बायोसची (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती. शेवटची गोष्ट विकत घेण्याआधीच विचारून घ्यावी, नाही तर सारे काही नीट जोडूनही पडदा काळा राहतो आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

रॅमच्या बाबतीत १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला कमाल २५.६ जीबी माहिती वाहून नेते आणि दोन पट्ट्या ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी वापरताना) ५१.२ जीबी. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यासाठी तर हा फरक निर्णायक असतो. चार खाचांच्या बोर्डावर या पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करावे, अन्यथा ३२०० च्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम २१३३ किंवा २४०० च्या मूळ वेगावरच चालत राहते.

एसएसडीविषयी थोडक्यात सांगता येईल. साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सुमारे ३५०० एमबीपर्यंत, पण बहुतेक खेळांच्या लोडिंगच्या वेळेत त्या प्रमाणात फरक पडत नाही. १०० जीबी ओलांडणारे खेळ आता सामान्य झाले असल्याने वेगवान ५०० जीबीपेक्षा साधी १ टीबी अधिक उपयोगी ठरते.

सर्वांत जास्त कंजुषी पॉवर सप्लायवर, म्हणजे ज्याला बरेच जण एसएमपीएस म्हणतात त्यावर केली जाते, आणि ती धोक्याची आहे. तो बिघडताना कधी कधी मदरबोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो. क्षमतेचा हिशेब अवघड नाही. आरएक्स ६६०० ची अधिकृत विजेची गरज १३२ वॅट आहे, रायझन ५ ५६०० पूर्ण भारावर ७६ वॅटपर्यंत जातो, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांसाठी ५० वॅट धरले तर बेरीज २६० च्या आसपास येते. क्षणिक उसळ्या आणि पुढचे कार्ड यांचा विचार करून चांगल्या प्रतीचा ५०० ते ५५० वॅटचा सप्लाय यासाठी पुरेसा आहे. ७५० वॅटसाठी धडपडण्याचे कारण नाही. ८० प्लस ही खूण घेतलेल्या विजेपैकी किती वीज उपयोगात येते ते सांगते. सप्लायचे संरक्षण कसे आहे किंवा आतील कपॅसिटर कोणत्या दर्जाचे आहेत, हे ती सांगत नाही. म्हणून वॉरंटीचा कालावधी, शॉर्ट सर्किट व अतिरिक्त विद्युतप्रवाहापासूनचे संरक्षण आणि १२ व्होल्टच्या रेलवर (प्रोसेसर आणि कार्डाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) प्रत्यक्ष किती वॅट मिळतात हे लेबलवर पाहावे. नाव ५०० वॅटचे आणि १२ व्होल्टवर जेमतेम ३०० वॅट असेल, तर तो सप्लाय गेमिंगसाठी ३०० चाच समजावा.

कॅबिनेट समोरून जाळीदार असावे आणि त्यात किमान एक पंखा हवा आत घेणारा, एक बाहेर टाकणारा असावा. समोर बंद काच असलेले कॅबिनेट दिसायला सुरेख असले तरी आतील कार्ड त्यात गुदमरते. वर सांगितलेल्या प्रोसेसरसोबत खोक्यात येणारा कूलर खेळण्यापुरता पुरतो.

जोडणी झाल्यावर समतोल साधला की नाही हे मोजून पाहता येते. खेळ चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने राबत आहे, आणि गेमिंग पीसीमध्ये हेच अपेक्षित असते. कार्डाचा वापर बराच कमी असून फ्रेमही कमी येत असतील, तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणावे. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमकडे आहे. इथे प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नये, कारण खेळाचा मुख्य थ्रेड एकाच कोअरवर अडकलेला असला तरी बारा थ्रेडची सरासरी ४० टक्केच दिसू शकते. आणि नवा भाग घेण्याचा विचार करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: मॉनिटरची केबल मदरबोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावली आहे का, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो) बदलला आहे का. तो बदलला नाही, तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर महिनोन्महिने ६० हर्ट्झवरच चालत राहतो.