अणुकेंद्रीय भौतिकीतील सोडवलेली उदाहरणे: कुठे शोधावीत, कशी वापरावीत

ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांत टी.वाय.बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.ला अणुकेंद्रीय भौतिकी शिकणाऱ्याने सोडवलेली उदाहरणे आधी आपल्या पाठ्यपुस्तकातच शोधावीत, कारण तेथे चिन्हे आणि एकके प्रकरणाप्रमाणेच असतात. नंतर एनपीटीईएल आणि एमआयटी ओपन कोर्सवेअर या विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रमांवरील स्वाध्याय पाहावेत. गेट परीक्षेच्या उत्तरसूचीत रीत नसते, त्यामुळे ती फक्त पडताळणीच्या कामाची.

उकल उघडण्याआधी उत्तर साधारण किती यावे याचा अंदाज लिहून ठेवावा. वाशीच्या विकिरण केंद्रात मसाल्यांसाठी कोबाल्ट-६० वापरतात. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मी अणुकेंद्रे क्षय पावण्यास लागणारा काळ, ५.२७ वर्षे आहे; त्यामुळे तीन वर्षांनंतर स्रोताची तीव्रता निम्म्याहून अधिकच उरली पाहिजे. आपले उत्तर ६७ टक्क्यांऐवजी ३३ टक्के आले, तर उरलेल्याऐवजी क्षय पावलेला भाग काढला गेला, हे उकल न पाहताही कळते.

खरी कसोटी बीटा क्षयाच्या, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन) बाहेर पडण्याच्या, गणितांत लागते. सोडियम-२२ आणि निऑन-२२ यांच्या आण्विक वस्तुमानांतील फरक ऊर्जेच्या एककात २.८४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) येतो. पॉझिट्रॉन उत्सर्जनासाठी त्यातून इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाची दुप्पट, म्हणजे १.०२२ एमईव्ही, वजा करावी लागते आणि पॉझिट्रॉनच्या कमाल ऊर्जेसाठी १.८२ उरतात. अनेक उकलींत ही वजाबाकी एका ओळीत उरकलेली असते. तिथेच थांबून, आण्विक वस्तुमानांत दोन्हीकडे किती इलेक्ट्रॉन मोजले गेले हे स्वतः मांडावे, कारण ही ओळ समजल्याशिवाय पुढचे एकही गणित स्वबळावर सुटणार नाही.

आता ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या न्यूडॅट या विनामूल्य माहितीसाठ्यात पाहिले, तर सोडियम-२२च्या जवळजवळ सर्व पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा ०.५४६ एमईव्ही दिसते. उकल चुकलेली नसते. क्षय बहुतांशी निऑन-२२च्या १.२७५ एमईव्हीच्या उत्तेजित पातळीवर होतो आणि तेवढी ऊर्जा गॅमा किरण घेऊन जातो. असा फरक दिसताच उत्तर खोडण्याची घाई न करता ऊर्जापातळ्यांची आकृती काढावी. माझ्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा सराव हाच आहे.

त्यानंतर उकल मिटून पेट स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लुओरिन-१८चे गणित करावे. त्याचा क्षय थेट ऑक्सिजन-१८च्या मूळ पातळीवर होतो, त्यामुळे १.६५६ मधून १.०२२ वजा करून येणारे ०.६३४ एमईव्ही माहितीसाठ्यातील आकड्याशी जुळले पाहिजेत.