स्मार्ट ग्रिडच्या सुरक्षेवर एकत्र संशोधन करताय? या चुका टाळा

संगणक आणि नेटवर्कने चालणाऱ्या वीजजाळ्याच्या, म्हणजे स्मार्ट ग्रिडच्या, सुरक्षेवर काम करायला कॉलेजचा इलेक्ट्रिकल विभाग, कॉम्प्युटर विभाग आणि एखादी वीज कंपनी असे तिघे एकत्र आले, सामंजस्य करार झाला, फोटो निघाले, की अर्धं काम झालं असं सगळ्यांना वाटतं. खरी रखडपट्टी तिथून पुढे सुरू होते. दोन-तीन वर्षांनी पेपर छापून आलेले असतात, पण कंट्रोल रूममध्ये विचारलं तर "हो, कॉलेजवाले यायचे मध्यंतरी" यापलीकडे कोणाला काही आठवत नाही. असं का होतं याची कारणं बहुतेक प्रकल्पांत तीच ती असतात, आणि त्यातली बरीचशी पहिल्या महिन्यातच पकडता येतात.

सिम्युलेशनमध्ये रिलेच नसणं

ही चूक मी सगळ्यात वर ठेवतो. रिले म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकरला, म्हणजे वीज तोडणाऱ्या स्विचला, आदेश देणारं संरक्षण उपकरण. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक शक्यता मांडली. इंटरनेटला जोडलेले एसी, गीझर, हीटर अशी जास्त वॅट खेचणारी उपकरणं मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन एकाच वेळी चालू किंवा बंद केली, तर मागणी अचानक उडी घेते किंवा घसरते, फ्रिक्वेन्सी (विजेच्या लहरींचा वेग, आपल्याकडे ५० हर्ट्झ) बिघडते आणि ग्रिड कोसळू शकतो. म्हणजे वीज कंपनीच्या एकाही संगणकाला हात न लावता हल्ला! कल्पना जबरदस्त होती आणि गाजलीही.

पुढच्याच वर्षी ह्वांग, कार्डेनास आणि बाल्डिक या तिघांनी तोच हल्ला उत्तर अमेरिकेतल्या खऱ्या पारेषण जाळ्याच्या मोठ्या मॉडेलवर चालवून पाहिला. फरक एवढाच की त्यांनी संरक्षण यंत्रणाही मॉडेलमध्ये धरली. फ्रिक्वेन्सी घसरली की ठरलेल्या टप्प्यांवर लोड (काही भागांचा पुरवठा) आपोआप सोडून देणारे रिले त्यात होते. आपल्याकडेही असे रिले ४९.४ हर्ट्झपासून कामाला लागतात. निष्कर्ष बराच बदलला. काही भागांची वीज जाईल, जाळ्याचे तुकडे पडतील, पण सगळा ग्रिड आडवा करणं वाटलं होतं त्यापेक्षा खूप अवघड ठरलं.

पहिला पेपर चुकीचा होता असं नाही. प्रश्न त्यानेच उभा केला. पण अनुदानाच्या प्रस्तावांत पहिल्याचाच हवाला जास्त दिसतो, कारण भीतीला पैसे मिळतात. तुमच्या सिम्युलेशनमध्ये दर वेळी सगळाच ग्रिड झोपत असेल, तर आधी शंका मॉडेलवर घ्या. अंडर फ्रिक्वेन्सी रिले, लाइनचं ओव्हरकरंट संरक्षण, जनरेटरचा वेग सांभाळणारे गव्हर्नर हे सगळं आहे का ते बघा. यादी प्रोटेक्शनच्या अभियंत्याकडून तपासून घ्या. कॉम्प्युटरवाल्याला हे सुचणार नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही.

हल्लेखोर पुस्तकातला निवडणं

दुसरं टोक असं की हल्लेखोराला जाळ्याची सगळी रचना, सगळे इम्पिडन्स (तारांचा विजेला होणारा विरोध), सगळी मोजमापं ठाऊक आहेत असं गृहीत धरून गणित मांडायचं. गणित सुंदर येतं. पण २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधल्या तीन वितरण कंपन्यांवर जे झालं ते वेगळंच होतं. सुरुवात ईमेलला जोडलेल्या, मॅक्रो दडवलेल्या ऑफिस फाइलपासून झाली. मग कित्येक महिने आत राहून पासवर्ड गोळा केले. स्काडापर्यंत (उपकेंद्रं दुरून चालवणाऱ्या संगणक यंत्रणेपर्यंत) जाणाऱ्या व्हीपीएनला (बाहेरून आत येण्याच्या जोडणीला) दुसऱ्या टप्प्याची पडताळणीच नव्हती. त्या दिवशी ऑपरेटर बघत होते आणि स्क्रीनवरचा माऊस आपोआप फिरून एकेक ब्रेकर उघडत होता. सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. तक्रार केंद्राचे फोन खोट्या कॉलनी जाम केले होते.

संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतली जुनी उपकरणं नेटवर्कला जोडणाऱ्या सिरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टरचं फर्मवेअरच (आतलं मूळ सॉफ्टवेअर) खराब करून टाकलं, त्यामुळे दुरून ब्रेकर लावता येईनात. शेवटी माणसं गाडीत घालून उपकेंद्रांवर पाठवली आणि ब्रेकर हाताने लावले. काही तासांत वीज परत आली ती अशी. तेव्हा प्रकल्पाची हल्ल्याची कहाणी लिहिताना शिफ्टमधला ऑपरेटर टेबलाशी बसवा आणि त्याला साधे प्रश्न विचारा. हा कन्व्हर्टर मेला तर स्टोअरमध्ये दुसरा आहे का? रात्री दोन वाजता त्या उपकेंद्रावर माणूस असतो का? यातून निघणारे विषय कोणत्याही सर्व्हे पेपरमधून मिळणार नाहीत.

सगळं एन्क्रिप्ट करायला निघणं

उपकेंद्रात एका रिलेकडून दुसऱ्याकडे ट्रिपचा (ब्रेकर उघडण्याचा) निरोप जातो तो गूस नावाच्या झटपट संदेशाने, आणि त्याला मिळणारा वेळ ३-४ मिलिसेकंदांचा. वीज यंत्रणांच्या सायबर सुरक्षेसाठीच्या आयईसी ६२३५१ मानकाच्या २००७ सालच्या सहाव्या भागात या संदेशांवर आरएसए पद्धतीची डिजिटल सही सुचवली होती. रिलेमधल्या छोट्या प्रोसेसरला ती त्या वेळात झेपत नाही, असं नंतर अनेकांनी मोजून दाखवलं. २०२० च्या आवृत्तीत सामाईक गुप्त किल्ली वापरणारी हलकी पद्धत आली.

इथे सायबरवाले गोपनीयतेपासून सुरुवात करतात. ब्रेकर ट्रिप करा हा निरोप कोणी वाचला तर फारसं बिघडत नाही. तो खोटा असला किंवा उशिरा आला तर बिघडतं. आणि त्याहून अवघड प्रश्न बहुतेक प्रबंधांत विचारलेलाच नसतो: पडताळणी फसली तर रिलेने करायचं काय? संदेश टाकून दिला आणि फॉल्ट खरा असला तर ट्रान्सफॉर्मर जळेल. स्वीकारला आणि संदेश बनावट असला तर विनाकारण पुरवठा जाईल. हे उत्तर क्रिप्टोग्राफीत सापडत नाही, त्या बे-चं (उपकेंद्रातल्या एका लाइनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या भागाचं) सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा साधा नकाशा) पुढ्यात घेऊनच ठरवावं लागतं.

९९ टक्क्यांवर खूश होणं

घुसखोरी ओळखणारं मॉडेल बनवताना केडीडी ९९ हा डेटासेट अजून वापरला जातो, हे वाचून वीजवाल्यांना हसू येईल. तो साध्या संगणक नेटवर्कचा, गेल्या शतकातला. त्यात वीज यंत्रणांतली उपकरणं ज्या भाषांत बोलतात त्यांतली एकही नाही: मॉडबस नाही, डीएनपी ३ नाही, आयईसी १०४ नाही. सिम्युलेशनसाठी वापरलं जाणारं आयईईई ११८ बसचं (जोडबिंदूंचं) मॉडेलही १९६२ च्या अमेरिकन जाळ्यावरून घेतलेलं आहे. पद्धतींची तुलना करायला ते ठीक, पण "भारतीय ग्रिडसाठी उपयुक्त" असं त्यावरून लिहू नये.

अचूकता संशयास्पद वाटावी इतकी चांगली आली, तर डेटा ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये कसा वाटला ते पाहा. एकाच हल्ल्याच्या लागोपाठच्या नोंदी दोन्हीकडे गेल्या असतील तर मॉडेलने उत्तरपत्रिका आधीच पाहिली आहे. वेळेनुसार तोडा: आधीचे महिने शिकवायला, नंतरचे तपासायला.

मग खोट्या अलार्मचा हिशोब करा. १५ मिनिटांच्या ब्लॉकने एका मीटरच्या दिवसाला ९६ नोंदी, १० लाख मीटरच्या ९ कोटी ६० लाख. खोट्या अलार्मचं प्रमाण फक्त ०.१ टक्का धरलं तरी रोजचे ९६,००० अलार्म. ते बघणार कोण?

घड्याळं न जुळवणं

हल्ला झाला सकाळी, पण नेटवर्कवरून गेलेल्या पॅकेटच्या नोंदी त्याआधी साडेपाच तासांच्या दिसतात? घाबरू नका, पॅकेटचं कॅप्चर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे आणि स्काडाचा लॉग भारतीय वेळेत. हे सापडणं सोपं. रिलेचं घड्याळ जीपीएसला जोडलेलं नसेल आणि काही सेकंद सरकलेलं असेल तर ते महिनोनमहिने लक्षात येत नाही, आणि आधी ब्रेकर उघडला की आधी कमांड आली हा क्रमच उलटा होतो. डेटा घेण्याआधी प्रत्येक स्रोताचा टाइम झोन आणि घड्याळाचा फरक एका तक्त्यात लिहून घ्या.

क्रम पक्का नसेल तर काय होतं ते आपण मुंबईत पाहिलंय. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज गेली, लोकल थांबल्या. २०२१ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीचा, चीनशी जोडलेल्या हॅकरनी भारतीय वीज क्षेत्राला लक्ष्य केल्याचा अहवाल आला. राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताकडे बोट दाखवलं, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. खुद्द त्या अहवालात या घटनेशी जोडलेला संबंध सिद्ध झालेला नाही असं नमूद होतं, पण तेवढं वाचतंय कोण! तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात ही घटना "चीनचा सायबर हल्ला" म्हणून ठोकून देऊ नका.

चालू उपकेंद्रात स्कॅनर लावणं

करू नका. जुने आरटीयू आणि पीएलसी (उपकेंद्रातली नियंत्रण उपकरणं) साध्या पोर्ट स्कॅननेही (नेटवर्कवरून उघडी दारं चाचपण्यानेही) अडकून बसतात. आधी टेस्ट बेंच, मग शटडाऊन घेऊन आणि लेखी परवानगीने. पारेषणाच्या काही यंत्रणा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या असतात. तिथे विनापरवाना शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली येतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. "सर, प्रोजेक्ट आहे" हे तिथे चालत नाही.

करारात चौथा पक्ष विसरणं

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. संशोधक विद्यार्थ्याला कंपनीच्या लॉगमध्ये घुसखोरीच्या खुणा दिसल्या तर फोन कोणी कोणाला करायचा, हे करारात नाव-पदासकट असू द्या. ग्राहक क्रमांक पुसला म्हणजे डेटा निनावी झाला असंही समजू नका. ट्रान्सफॉर्मरचा कोड आणि १५ मिनिटांचा लोड एवढ्यावरून छोट्या गावातलं घर ओळखू येतं.

आणि सगळ्यात जास्त प्रकल्प जिथे अडतात ती गोष्ट: करार वितरण कंपनीशी झालेला असतो, पण नव्या स्मार्ट मीटरचं हेड एंड सिस्टीम (मीटरशी बोलणारी मुख्य संगणक यंत्रणा) चालवते एएमआयएसपी (स्मार्ट मीटर बसवून चालवणारी) म्हणून नेमलेली खासगी कंपनी. मीटरमधला वीज तोडण्या-जोडण्याचा स्विच दुरून चालवणारी व्यवस्था तिच्या हातात, आणि एकाच वेळी लाखो मीटर बंद करण्याची कमांड कोणी देऊ शकेल का, हा आजचा सगळ्यात गरजेचा प्रश्न नेमका तिथेच आहे. म्हणून तिला पहिल्या बैठकीपासून बोलवा. यायला तयार नसेल तर निदान एक सुटा मीटर आणि डीएलएमएस या मीटरच्या संवादभाषेच्या, चाचणीसाठीच्या गुप्त किल्ल्या लेखी मागून घ्या. तेवढ्या सामानावर एका पीएचडीपुरतं काम आरामात निघतं.