बॅचच्या नोंदी वाचायला शिकवताना : संगणकीय प्रशिक्षणाची आखणी

ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा किंवा अंबरनाथ येथील ज्या रसायन व औषध कारखान्यांत बॅच पद्धतीने, म्हणजे एकेका घाण्याने, उत्पादन होते आणि प्लँट डीसीएस किंवा पीएलसी या संगणकीय नियंत्रण यंत्रणांवर चालतो, तेथे रिअ‍ॅक्टरचे तापमान, दाब, स्टररचा वेग अशा असंख्य नोंदी हिस्टोरियन या वाचने साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अहोरात्र साठत असतात. त्या उघडल्या जातात मात्र बहुधा बॅच बिघडल्यावरच. पॅनेल ऑपरेटर आणि शिफ्ट केमिस्ट यांना या नोंदी रोजच्या कामात वाचता याव्यात, यासाठी संगणकावरील प्रशिक्षण कसे आखावे, ते येथे सांगितले आहे.

सुरुवात सॉफ्टवेअरच्या मेनूपासून करू नये. 'हे बटण दाबा, मग ती विंडो उघडेल' या चालीवरचे तयार धडे पुरे करूनही, 'कालची बॅच दोन तास लांबली, ती नेमकी कुठे?' या प्रश्नाचे उत्तर शिकणाऱ्याला देता येत नाही. म्हणून पहिला धडा बॅचच्या रचनेचा असावा. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसए-८८ या मानकाने, म्हणजे प्लँटच्या भाषेत 'एस-८८'ने, बॅचच्या कामाची प्रोसिजर, युनिट प्रोसिजर, ऑपरेशन आणि फेज अशी मोठ्या टप्प्याकडून लहान टप्प्याकडे जाणारी उतरंड घालून दिली आहे. शिकणाऱ्याने आपल्याच उत्पादनाची बॅच शीट घेऊन तिच्यातील चार्जिंग (कच्चा माल भरणे), हीटिंग, होल्ड (ठरल्या तापमानाला ठेवणे), कूलिंग हे टप्पे कागदावर मांडावेत आणि प्रत्येक टप्पा कोणत्या खुणेने सुरू होतो व कोणत्या खुणेने संपतो, हे लिहावे.

हा सराव वाटतो तितका सोपा नाही. समजा, रिअ‍ॅक्टर ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेथे २ तास ठेवायचा आहे. हीटिंग संपले असे कधी म्हणायचे? तापमानाने ८० चा आकडा पहिल्यांदा गाठला तेव्हा, की थोडे वर जाऊन पुन्हा ८० वर स्थिरावले तेव्हा? दोन शिफ्टच्या केमिस्टांनी यावर दोन उत्तरे दिली, तर त्यांनी काढलेल्या होल्डच्या वेळा कधीच जुळणार नाहीत, आणि सॉफ्टवेअर कितीही महागाचे असले तरी ही गफलत ते दुरुस्त करणार नाही. व्याख्या आधी ठरवावी, लिहून काढावी आणि मगच संगणक उघडावा.

दुसऱ्या धड्यात ट्रेंडची, म्हणजे वेळेनुसार काढलेल्या वाचनांच्या आलेखाची, रेघ कशी तयार होते, हे दाखवावे. जागा वाचवण्यासाठी हिस्टोरियन प्रत्येक वाचन जपून ठेवत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी बदल असल्यास तो वगळतो. एखाद्या तापमानाच्या टॅगला (एका मोजमापाच्या नोंदमालिकेला) ही मर्यादा २ अंशांची लावलेली असेल, तर दीड अंशाचा चढ पडद्यावर दिसेलच असे नाही, आणि शिकणारा 'तापमान अगदी सरळ होते' असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. याच्या उलट प्रकार व्हॉल्व्हच्या टॅगमध्ये घडतो. ऑन-ऑफ व्हॉल्व्हच्या दोन नोंदी तिरक्या रेघेने जोडल्या गेल्या, तर व्हॉल्व्ह हळूहळू उघडत गेल्यासारखा भासतो, जे प्रत्यक्षात अशक्य आहे. अशा टॅगची रेघ पायरीसारखीच दिसली पाहिजे. एकाच टॅगचे ही मर्यादा लावलेले व न लावलेले असे दोन ट्रेंड शेजारी ठेवून त्यांतील फरक शिकणाऱ्याला स्वतः शोधू द्यावा. या धड्याला हवा तेवढा वेळ द्यावा; पुढचे सगळे यावर उभे आहे.

वेळेच्या नोंदींबाबत तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. काही प्रणाली आतून जागतिक वेळ वापरतात, त्यामुळे निर्यात केलेल्या फाइलमध्ये आपली मध्यरात्र आदल्या दिवसाच्या १८.३० वाजता दिसते. एक्सेलमध्ये तारखेची मांडणी अमेरिकी असल्यास ५ जुलै ही ७ मे होऊन बसते. शिवाय तिसऱ्या पाळीत सुरू झालेली बॅच तारीख ओलांडते, त्यामुळे दिवसवार अहवालात तिचे दोन तुकडे पडतात. म्हणून शोध नेहमी बॅच क्रमांकावरून घ्यावा, तारखेवरून नव्हे.

यानंतर प्रत्यक्ष तुलना. वेगवेगळ्या बॅचचे ट्रेंड घड्याळाच्या वेळेवर एकमेकांवर ठेवून काहीच कळत नाही. प्रत्येक फेजचा आरंभ शून्य धरून ते जुळवावे लागतात. मुंबई परिसरासाठी एक उत्तम सराव आयताच उपलब्ध आहे: जानेवारीतील आणि जूनमधील काही बॅच निवडून त्यांच्या कूलिंग फेजचा कालावधी मोजायला सांगावे. कूलिंग टॉवरचे पाणी हवेच्या ओल्या बल्बच्या तापमानाखाली (बल्बभोवती ओले कापड गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्याखाली) जाऊ शकत नाही, आणि पावसाळ्यातील दमट हवेत ते तापमान चढेच असते. त्यामुळे रिअ‍ॅक्टर टॉवरच्या पाण्यावर थंड होत असेल, तर जूनमधला कालावधी वाढलेला आढळण्याचा संभव असतो. वाढ दिसली की थांबू न देता पुढचा प्रश्न विचारावा: टॉवरच्या पाण्याच्या तापमानाचा ट्रेंडही त्याच प्रमाणात वर गेला आहे का? पाणी तितकेच थंड असून कूलिंग लांबले असेल, तर दोष हवामानाच्या माथी मारता येणार नाही. जॅकेटमध्ये (रिअ‍ॅक्टरभोवतीच्या पाणी फिरणाऱ्या कवचात) साठलेला थर, पंपाचा घटलेला प्रवाह किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह तपासावा लागेल. कारण शोधण्याची ही सवय लावणे, हाच माझ्या मते या प्रशिक्षणाचा खरा हेतू आहे.

'गोल्डन बॅच', म्हणजे तुलनेसाठी आदर्श धरलेली बॅच, शिकवताना मात्र सावध राहावे. सर्वाधिक उतारा (तयार मालाचे प्रमाण) दिलेली एकच बॅच आदर्श मानण्याचा मोह होतो, परंतु तो उतारा योगायोगाचाही असू शकतो. गुणवत्तेत उत्तीर्ण झालेल्या अनेक बॅचवरून सरासरी रेघ आणि तिच्याभोवतीचा पट्टा काढावा. अनेक टॅग एकत्र तपासणाऱ्या सांख्यिकी पद्धतीही आहेत. पॉल नोमिकोस आणि जॉन मॅकग्रेगर यांनी १९९४ मध्ये बॅच प्रक्रियांसाठी मल्टिवे पीसीए (अनेक टॅगमधील चढउतार मोजक्या आकड्यांत एकवटणारी पद्धत) मांडले, ते त्यांतील प्रमुख. ऑपरेटरला त्यामागील गणिताची गरज नाही. इशारा आल्यावर कोणता टॅग पट्ट्याबाहेर गेला आहे, हे पाहता आले म्हणजे पुरे.

सराव नेहमी डेटाच्या वेगळ्या प्रतीवर व्हावा, चालू प्रणालीवर नव्हे. औषध कारखान्यांत प्रत्येकाचे लॉगइन स्वतंत्र असावे आणि 'जरा तुझा पासवर्ड दे' या सवयीला पहिल्या दिवसापासून थारा देऊ नये, कारण ऑडिट ट्रेलमधील (कोणी, कधी, काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीतील) नाव हीच जबाबदारीची खूण असते. अमेरिकेत माल पाठवणाऱ्यांना लागू होणारा, इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांबाबतचा २१ सीएफआर भाग ११ हा नियम १९९७ पासून अमलात आहे. धड्यांतील स्पष्टीकरण मराठीत ठेवावे, पण पडद्यावरील शब्द जसे दिसतात तसेच वापरावेत.

परीक्षा पर्यायी उत्तरांची घेऊ नये. पूर्वी तपास पूर्ण झालेली, कारण ठाऊक असलेली एखादी लांबलेली बॅच द्यावी आणि तिचा कोणता फेज, किती मिनिटांनी व कशामुळे लांबला, हे तीन-चार वाक्यांत ट्रेंडसह लिहायला सांगावे. मूळ तपास अहवालाशी ते उत्तर ताडून पाहावे. रेसिपी बदलली किंवा नवा टॅग जोडला गेला, की संबंधित धडा आणि ही प्रश्नबॅच दोन्ही त्याच चेंज कंट्रोलमध्ये (बदल तपासून मंजूर करण्याच्या प्रक्रियेत) अद्ययावत करावीत.