गव्हाला शेणखत आणि पोतं : पेरणीआधी काय काय हाताशी हवं

गहू पेरायचा नोव्हेंबरात, पण त्याची तयारी उकिरड्यापासून सुरू होते. पोतं, म्हणजे युरियासारखं रासायनिक खत, पेरणीच्या आठवड्यातही मिळून जातं (सोबत दुकानदार आणखी एखादी बाटली गळ्यात मारतो, तो भाग वेगळा). कुजलेलं शेणखत मात्र पैसे मोजूनही ऐनवेळी मिळत नाही. आपल्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास द्राक्षवाले ट्रॉल्यांमागून ट्रॉल्या उचलतात आणि गव्हाच्या वाट्याला काल-परवाचं ओलं शेण येतं. म्हणून एकरी ४ टन, म्हणजे हेक्टरी १०, एवढं खत उन्हाळ्यातच बाजूला काढा. ढीग सावलीत लावा, ओल टिकवा, मध्ये एकदा उलथून घ्या. तयार झालं की नाही ते हाताला कळतं. ढिगात हात घातला तर गरम लागत नाही, मुठीत भुसभुशीत काळसर येतं आणि शेणाचा वास गेलेला असतो.

एवढं पाल्हाळ लावतोय कारण एका वर्षी मी दोन ट्रॉल्या अर्धकच्चं खत पेरणीच्या आठ दिवस आधी पसरलं होतं. तिसऱ्या आठवड्यात गहू पिवळा! कच्च्या खतातला काडीकचरा कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र (नायट्रोजन) आधी स्वतः खातात, पीक उपाशी राहतं. मी आपला युरिया वाढवत बसलो. शिवाय खतातून मुळं खाणारी हुमणी अळी आली, आणि चंदनबटव्याचं तण खुरपून खुरपून संपेना. मक्याच्या रानात गहू करणाऱ्यांनी धसकटांचंही (कापणीनंतर उरलेल्या बुडख्यांचंही) हेच गणित धरावं. सोयाबीनच्या रानात हा त्रास कमी, पाला तिथेच गळून कुजलेला असतो.

खत पसरण्याआधी मातीचा नमुना घ्या, नंतर घेतलात तर अहवालात शेणखतच बोलेल. बांध, झाड आणि उकिरड्याची जागा सोडून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो पुरते. अहवालात जस्त किंवा लोह कमी दिसलं, आणि चुनखडीच्या जमिनीत ते दिसतंच, तर एकरी ८ किलो झिंक सल्फेट किंवा फेरस सल्फेट शेणखतात मिसळून मुरवून द्या. झिंक सल्फेट डीएपीत (नत्र-स्फुरदाच्या दाणेदार खतात) मात्र मिसळू नका, स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त एकमेकांना धरून बसतात.

आता पोत्यांचा हिशेब. बागायती, वेळेवरच्या गव्हाला हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश), म्हणजे एकरी ४८:२४:१६. पेरताना डीएपीचं एक पोतं, ३३ किलो युरिया आणि २७ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. २१ दिवसांनी आणखी ५२ किलो युरिया. युरियाचं पोतं आता ४५ किलोचं येतं, तेव्हा एकराला दोन पोती पुरतात, वर चार-पाच किलो उरतो. अहवाल वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

इथेच बरेच जण विचारतात, शेणखत टाकलंय मग पोतं अर्धं करू का? कागदावर मोह होतो खरा. अर्धा टक्का नत्र धरलं तरी ४ टनांत २० किलो झालं. पण त्यातलं पहिल्या हंगामात थोडंच सुटतं. त्यात डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की जिवाणूंचं काम मंदावतं, आणि गव्हाची फुटव्यांची भूक नेमकी तेव्हाच असते. या वर्षीचं नत्र पोत्यातून, जमिनीचा पोत शेणखतातून, असं माझं मत. दर वर्षी खत पडत राहिलं तर पुढे माती परीक्षण बघून पोतं कमी करता येतं, पहिल्याच वर्षी नाही.

बियाणं एकरी ४० ते ५० किलो. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन हे वाण आपल्या ओळखीचे. फुले समाधान उशिराही चालतो. आधी बियाण्याला किलोमागे ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळायचं. मग १० किलोला २५० ग्रॅम अॅझोटोबॅक्टर आणि तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत. क्रम उलटा करू नका. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. हे बी आणि रासायनिक खत पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) एकाच चाड्यातून सोडलं तर जिवाणूंवरचा खर्च पाण्यात, तेव्हा दोन चाड्यांची पाभर आधीच सांगून ठेवा.

पेरणी १ ते १५ नोव्हेंबरात, वाफशावर (जमिनीत ओल असते पण चिखल नसतो तेव्हा). त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याला एकरी क्विंटलभर घट धरा. खताची जुळवाजुळव करताना हीच तारीख हुकते, हे विसरू नका.

२१ दिवसांनंतरचा दुसरा युरिया दव सुकल्यावरच फेका. कोरड्या चुनखडी मातीवर पाणी न देता तसाच पडू दिला तर अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून पाण्याची पाळी आणि विजेचं वेळापत्रक आधी बघा, मग पोतं फोडा.

आणि तुलनेसाठी बांधालगतचे दोन सारे (वाफ्यांचे लांब पट्टे) शेणखताशिवाय सोडा, पोतं मात्र तेवढंच द्या. कडेला काठी रोवून वहीत नोंद करा, नाहीतर ओंब्या भरायच्या वेळी कुठले सारे ते आठवत नाही.